आपलं सोनं नाणेनिधीकडे गहाण नाही

'१९९१ साली आपलं सोनं नाणेनिधीकडे गहाण पडलं, ते अजून सुटलेलं नाही' हा मेसेज सध्या फिरतोय. परवा मीही तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. चूक झाली.

आंतरराष्ट्रीय नाणेनिधी (आयएमएफ), म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणारी संस्था, कर्जापोटी सोनं तारण ठेवून घेत नाही. मे १९९१ मध्ये स्टेट बँकेमार्फत जप्तीतलं २० टन सोनं एका स्विस बँकेला विकलं गेलं, तेही परत घेण्याच्या बोलीवर. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं विमानाने चार खेपांत लंडनला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उचलले. हे कर्ज त्याच वर्षी फिटलं.

नाणेनिधीची कर्जं वेगळी. त्यांचा शेवटचा हप्ता २००० साली गेला, आणि २००९ मध्ये तर आपणच त्यांच्याकडून २०० टन सोनं विकत घेतलं!

नाणेनिधीच्या अटींचा चटका मात्र खरा होता. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात खताचे भाव ४० टक्के वाढवले, ओरड झाल्यावर वाढ ३० टक्क्यांवर आणली. वाद घालायचा तर त्यावर घालू.

तो मेसेज आलाच तर पुढे ढकलू नका. मी माझा डिलीट केलाय.