महागाईचा दर उतरलाय, भाव नाही!

"महागाई दीड टक्क्यावर आलीय, पेपर वाचत जा जरा. तुला दोन टक्के वाढ दिलीय, म्हणजे महागाईपेक्षा जास्तच झाली की."

आज एका कंत्राटी फिटरला ठेकेदाराच्या ऑफिसात हे ऐकून घ्यावं लागलं. आयटीआय झालेला माणूस, एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात कितीतरी वर्षं त्याच लाइनवर उभा आहे. "बरं साहेब" म्हणून परत आला, कारण आकडा खरंच पेपरात होता. दुपारपासून डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, पण कारखान्यात, दवाखान्यात, ऑफिसात ठेकेदाराकडून काम करणारं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्यासाठी वाचा.

आधी तो आकडा. जुलै २०२५ चा किरकोळ महागाईचा दर १.५५ टक्के आला, जून २०१७ नंतर तोवरचा सर्वांत कमी. खरा आहे, त्यावर वाद नाही. पण तो वाढीचा वेग आहे. गेल्या जुलैत जो बाजार शंभर रुपयांत होत होता, तो या जुलैत १०१ रुपये ५५ पैशांत होतो. म्हणजे भाव वाढलेच, फक्त सावकाश वाढले. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत ते जेवढे चढले तेवढे तिथेच आहेत. खाद्यपदार्थांचा आकडा उणे १.७६ आला, तो भाजी आणि डाळी गेल्या वर्षीच्या चढ्या भावापेक्षा स्वस्त झाल्या म्हणून. घरभाडं, शाळेची फी, औषधं, बसचं तिकीट यांना उणे हा शब्द माहीत नाही.

दुसरी गोष्ट, कामगाराच्या महागाई भत्त्याशी या आकड्याचा संबंधच नाही. भत्ता जोडलेला असतो तो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाला. तो केंद्र सरकारचं लेबर ब्युरो काढतं, दर महिन्याच्या शेवटी मागच्या महिन्याचा. पायाभूत वर्ष २०१६ (म्हणजे त्या वर्षीचे भाव १०० धरून), भाव टिपायची देशातली ८८ केंद्रं. जून २०२५ चा निर्देशांक १४५.० आहे आणि गेल्या जूनशी तुलना केली तर त्यातली वाढ अडीच टक्के भरते, दीड नाही. पेपरातला आकडा वेगळा, कामगाराचा वेगळा, आणि समोरच्याच्या तोंडावर फेकायला बरोब्बर लहान आकडा सापडतो यांना.

आता त्या फिटरच्या पगाराच्या दोन स्लिपा बघा. डिसेंबर २०२० ची: मूळ वेतन ९,५००, महागाई भत्ता ६,५००, एकूण १६,०००. जून २०२५ ची: एकत्रित वेतन १८,५००. अडीच हजार वाढले, साडेपंधरा टक्क्यांच्या वर. ठेकेदार हेच सांगतो आणि ऐकायला बरं वाटतं.

डिसेंबर २०२० चा निर्देशांक होता ११८.८. जून २०२५ च्या १४५.० ला ११८.८ ने भागा आणि १६,००० ने गुणा. उत्तर १९,५२९. तेव्हाचा पगार नुसता जागेवर ठेवायला, एक रुपयाही वाढ न देता, आज १९,५२९ द्यावे लागतात. मिळतात १८,५००. उलटं करून बघा: १८,५०० गुणिले ११८.८, भागिले १४५.० म्हणजे १५,१५७. साडेचार वर्षं जास्त अनुभव असलेला माणूस २०२० च्या पैशात ८४३ रुपये कमी घेऊन घरी जातोय. आणि दोन टक्के म्हणजे ३७० रुपये. खड्डा १,०२९ चा आहे (१९,५२९ वजा १८,५००). हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतो. प्रत्येकाने आपल्या स्लिपवर करून बघावा.

दुसऱ्या स्लिपवर महागाई भत्त्याची ओळच नाही, हे लक्षात आलं का? खरी मेख तिथे आहे. मूळ आणि भत्ता वेगळे असतात तेव्हा निर्देशांक वाढला आणि भत्ता वाढला नाही हे कुणालाही दिसतं. दोन्ही मिसळून 'एकत्रित' केलं की भांडायला ओळच उरत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे त्यातला महागाई भत्ता, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, केंद्राच्या अखत्यारीतल्या कामांचा १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. या तारखा पाठ ठेवा. जाहीर व्हायला उशीर होतो, मग फरक मागच्या तारखेपासून मिळायला हवा. तो फरक मागणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, कारण स्लिपमध्ये तो शोधायचा कुठे हेच कळत नाही.

युनियनचा करार असेल तर आणखी एक खड्डा आहे. जुने करार निर्देशांकाच्या पॉइंटवर चालतात, दर पॉइंटला ठरावीक पैसे. २०२० च्या सप्टेंबरपासून २०१६ पायाची नवी मालिका आली आणि तीनशेच्या घरातला निर्देशांक कागदावर ११८ झाला. नवा आकडा जुन्या मालिकेत बदलायचा जोडगुणक २.८८ आहे. करार २००१ च्या मालिकेतला असेल तर जून २०२५ चा निर्देशांक १४५ गुणिले २.८८, म्हणजे ४१७.६ धरायचा. १९८२ च्या मालिकेसाठी पुढे ४.६३ ने गुणा, १९६० साठी त्यालाही ४.९३ ने. गुणक न लावता जुन्याच दराने नवे पॉइंट मोजले तर प्रत्येक वाढ जवळपास एक तृतीयांश होते, आणि हे वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही.

निर्देशांक खोटा आहे असं मी म्हणत नाही, तसं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण त्यात खाण्यापिण्याचं वजन ३९.१७ आहे, आधीच्या मालिकेत ते ४६.२ होतं. साडेअठरा हजारांत पाच माणसांचं घर चालवणाऱ्याचं खाण्यावर जास्त जातं, हे सांगायला पाहणी लागत नाही. आणि घरभाडं त्यात सहा महिन्यांतून एकदाच, जानेवारी आणि जुलैला बदलतं. जूनच्या आकड्यात या वर्षी वाढलेलं भाडं पुरतं उतरलेलंच नाही.

इथपर्यंत राग होता. आता पुढचं लिहिताना हात थरथरतोय.

मे २०२५ पासून त्या फिटरच्या स्लिपवर एक नवी ओळ आली आहे: 'उत्पादन प्रोत्साहन भत्ता ४,६२५'. एकूण २३,१२५. घरी आनंद झाला होता. हे कसले पैसे आहेत? रोज दोन तास जादा थांबायचं, २६ दिवस, म्हणजे ५२ तास. १८,५०० ला २०८ तासांनी (२६ दिवस, रोज आठ) भागा, तासाला ८८ रुपये ९४ पैसे. गुणिले ५२, बरोब्बर ४,६२५. हा सरळसरळ ओव्हरटाइम आहे, तोही सिंगल रेटने. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ५९ सांगत होतं की जादा तासांना दुप्पट दर. हातात ९,२५० यायला हवे होते. महिन्याला ४,६२५ सरळ खाल्ले आणि वर नाव 'प्रोत्साहन'.

पण खाल्लेले पैसे परवडले म्हणावेत असं पुढे आहे. ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा; त्यात राहायची पगाराची मर्यादा २१,००० आहे, जानेवारी २०१७ पासून तिथेच. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ओव्हरटाइमवर ईएसआयची वर्गणी कापायचे, पण मर्यादा ओलांडली का हे बघताना ओव्हरटाइम मोजत नसत. महिन्याच्या महिन्याला मिळणारा प्रोत्साहन भत्ता मात्र पगारात धरायचे. त्या एका नावामुळे हा माणूस कागदावर २३,१२५ वाला झाला. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ आहे, त्याच्या मध्येच मर्यादा ओलांडली तरी सप्टेंबरअखेर वर्गणी चालू राहते. ऑक्टोबरपासून बंद. त्या वर्गणीवर मिळणारा आजारपणाचा भत्ता पुढच्या जूनपर्यंत, आणि मग संपलं. त्याच्या आईची औषधं आणि तपासण्या ईएसआयमधून चालू आहेत. तिला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. खरा पगार २०२० पेक्षा कमी, आणि 'पगार जास्त झाला' म्हणून दवाखाना बंद. काय बोलायचं यावर?

पीएफचंही तेच. वर्गणीसाठी धरायच्या पगाराची १५,००० ची मर्यादा सप्टेंबर २०१४ ची. तेव्हा जुन्या मालिकेत निर्देशांक २५३ होता, जून २०२५ ला ४१७.६. मर्यादा महागाईबरोबर चालली असती तर ती २४,७०० च्या पुढे असती. ती हललेली नाही, म्हणून मालकाच्या वाट्यातून पेन्शनला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात, पगार कितीही असो. देशाचा किमान वेतनाचा तळ २०१७ पासून दिवसाला १७६ रुपये. सरकारनेच नेमलेल्या सत्पथी समितीने २०१९ मध्ये ३७५ सुचवले होते. सुचवले आणि राहिले.

मग तो फिटर गप्प का बसला? सोडून दुसरीकडे का जात नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी रोजगाराचे आकडेही नीट वाचावेत. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ ला बेरोजगारी ६ टक्के होती, २०२३-२४ ला ३.२. छान. याच काळात स्वतःचं काम करणाऱ्यांचं प्रमाण ५२.२ वरून ५८.४ वर गेलं, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचं १३.६ वरून १९.४ वर, आणि नियमित पगारवाल्यांचं २२.८ वरून २१.७ वर आलं. शेतीवरचे लोक ४४.१ वरून ४६.१ टक्के झाले. त्या फिटरची बायको घरच्या किराणा दुकानात बसते, पगार शून्य. पाहणीत ती रोजगारात आहे. त्याचा भाऊ दुसऱ्या कारखान्यातून कमी झाला आणि गावी शेतावर गेला. तोही रोजगारात. आता महिन्याच्या महिन्याला जो आकडा येतो, जुलै २०२५ चा ५.२ टक्के, त्यात आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही बेरोजगार नसतो. बायकांचं काम निदान मोजलं जातंय, हे चांगलं, तेवढं मान्य. पण गेटबाहेर आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन किती पोरं उभी असतात हे आतल्या माणसाला रोज दिसतं, आणि ठेकेदारालाही.

पैसे नाहीत असंही नाही. २०२४-२५ च्या आर्थिक सर्वेक्षणातच लिहिलंय, २०२३-२४ मध्ये बड्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि नोकऱ्या १.५ टक्क्यांनी. हे कुठल्या युनियनचं पत्रक नाही, सरकारचा दस्तऐवज आहे. छोट्या ठेकेदाराला मूळ कंपनी दर वाढवून देत नाही, त्याचीही कोंडी होते, हे खरं आहे. पण ती कोंडी ५२ तासांच्या घामातून फोडायची नसते.

त्या फिटरशी संध्याकाळी बोलणं झालं. शांत होता. स्लिपच्या पाठीमागे पेन्सिलने १,०२९ लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

अशी स्लिप तुमच्याकडे असेल तर आधी वाढ मागू नका. आधी ती ओळ बदलून घ्या. मे पासूनच्या पंचिंगचे फोटो काढून ठेवा, तारीखवार जादा तास वहीत लिहा, आणि 'प्रोत्साहन' नव्हे 'ओव्हरटाइम, दुप्पट दराने' अशी लेखी मागणी ठेकेदाराला द्या, प्रत मूळ कंपनीला. ठेकेदाराने पगार कमी दिला तर उरलेला देण्याची जबाबदारी मूळ कंपनीची आहे, म्हणून ती प्रत महत्त्वाची. पोच घ्या, नाही दिली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. ओव्हरटाइमची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते, आणि त्याच कागदांचा एक संच ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या. एकट्याने सही करू नका, लाइनवरचे दहा-बारा जण मिळून करा. आणि हे सगळं सप्टेंबर संपायच्या आत, कारण ऑक्टोबरची स्लिप २३,१२५ ची निघाली की ईएसआयची वर्गणी बंद होते.