फुटेज दोन ठिकाणी, प्रोजेक्ट एकाच ठिकाणी

गेल्या बुधवारी रात्री साडेअकराला पूर्वी माझ्याकडे काम शिकलेल्या एका पोराचा फोन आला. "दादा, प्रोजेक्ट उघडतच नाहीये. करप्ट दाखवतंय." आवाज रडवेला. एका लग्नाची अडीच तासांची फिल्म, नऊ दिवसांचं काम, शनिवारी द्यायची. सेव्ह करतानाच लाइट गेली, इन्व्हर्टरने दगा दिला, कॉम्प्युटर बंद. वर त्याच्या स्टुडिओचे मालक म्हणाले, "चूक तुझी, पगारातून कापणार."

हे शेवटचं ऐकलं आणि मला राहवेना, म्हणून लिहितोय.

त्याला आधी म्हटलं, ती फाइल परत परत उघडू नकोस. प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं ऑटो-सेव्हचं फोल्डर, म्हणजे ते प्रोजेक्टच्या प्रती आपोआप जिथे ठेवतं ते, आहे तसं दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी कर, बाकी नंतर. कारण ऑटो-सेव्ह ठरावीक प्रतीच ठेवतं. नवीन आली की सगळ्यात जुनी जाते. घाबऱ्याघुबऱ्या खटपट करत बसलं की हाताशी असलेली चांगली प्रतही जाऊ शकते.

बिघडलेली फाइल मी मागवून घेतली. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे जीझिप पद्धतीने दाबून लहान केलेली एक्सएमएल, म्हणजे आत खुणा लावलेला नुसता मजकूर. सेव्हन-झिप या दाबलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रामने सोडवायला गेलो तर मध्येच डेटा संपल्याचा एरर. लिहिता लिहिता वीज गेलेली, फाइलचा शेवटचा भाग डिस्कवर उतरलाच नव्हता. यात त्या पोराने काय चूक केली?

ऑटो-सेव्हमधली शेवटची प्रत उघडली, पण टाइमलाइनवर, म्हणजे कट ओळीने लावलेल्या पट्टीवर, गेलं की अडकायची. मग नवा कोरा प्रोजेक्ट केला, त्यात जुना इम्पोर्ट केला, तोही सगळा नाही, फक्त मुख्य सीक्वेन्स, म्हणजे फिल्मची जोडलेली मांडणी. चालला! वरातीचे वीसेक कट तेवढे गेले. ते त्याने पहाटेपर्यंत पुन्हा केले.

आता मालक मंडळींशी बोलतो. लग्नाहून आल्या आल्या कॅमेऱ्याची कार्डं दोन हार्डडिस्कवर उतरवता, चांगलं करता. पण प्रोजेक्टमध्ये फुटेज नसतंच. तिथे असतो फक्त फुटेजचा पत्ता आणि एडिटरने घेतलेले निर्णय. पाठवणीच्या वेळी आईचा चेहरा किती वेळ धरायचा, सनई कुठे खाली आणायची. नऊ दिवसांची मेहनत ती हीच. आणि ती एका डिस्कवर, ऑटो-सेव्हही, सेटिंग बदललं नाही तर, तिच्याच शेजारी. डिस्क पडली की दोन्ही जाणार.

त्याची फाइल होती जेमतेम ६ एमबीची. मी रोज काम संपलं की स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, तारखेसकट. मिनिटभरही लागत नाही. हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचं काम आपलं. टेबलाखाली चांगला यूपीएस ठेवणं हेही आपलंच. ते केलं नाही, तर नुकसान पोराच्या पगारातून वसूल करणं हा अन्याय आहे.

फिल्म शनिवारी वेळेत गेली. पगाराचं अजून काही ठरलेलं नाही. उद्या मी स्वतः मालकांना फोन करणार आहे.