छातीठोक बटेर

आमच्या मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, सत्तरी ओलांडली. पण शिकारीची गोष्ट निघाली की ते थेट मिसरूड फुटल्या वयात जाऊन बसतात. त्यांच्या लेखी १९७२ साली दोन संकटं आली. एक दुष्काळ, आणि दुसरं वन्यजीव संरक्षण कायदा.

"पाणी तं मागून आलं, जवाईबापू. तितर नाई आलं."

हे बारा वर्षं ऐकून यंदा मी शब्द देऊन बसलो. तितर नाही, पण बटेर खाऊ घालतो. रानातली नव्हे, फार्मवर पाळलेली, जपानी जातीची. पाच-सहा आठवड्यांत तयार होणारं हे पाखरू साफ केल्यावर तळहातावर मावतं. डझनभर आणली, तरी पिशवी रिकामीच वाटत होती.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीमाळ. त्यामुळे चूल मांडली वावरात, तीन दगडांची, पऱ्हाट्यांच्या जाळावर. बाया नसल्या की रांधण्यातलं सगळ्या पुरुषांना कळतं. साळा सावजी मसाल्याची पुडी घेऊन आला. शेजारच्या वावरातले काका जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आले आणि मग गेलेच नाहीत. मामाजी धुऱ्यावर बसून छातीठोकपणे म्हणाले, "दीड घंटा लागते. कमी नाई."

मी जवाई माणूस. सहा पाखरं अख्खी रश्श्यात टाकली आणि दीड घंटा शिजवली.

रस्सा काय झाला होता! तर्री बोटभर. पण तुकडा? तंगड्या ठीक होत्या. छाती मात्र दोऱ्याच्या रिळासारखी. चावलं की दोरा निघायचा, संपायचा नाही. मामाजींनी एक घास जोर लावून ओढला, तर कवळीच बाहेर आली. त्यांनी ती धुतली, रुमालात गुंडाळून खिशात टाकली आणि म्हणाले, "तर्री फक्कड हाये."

चूक हिशेबाची होती. दीड घंटा हा गावरान कोंबड्याचा भाव. जन्मभर उकिरडे फिरून कमावलेल्या तंगड्या मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. बटेरीची छाती लालसर असते, कारण ती पंखांच्या कामाची. कोंबडीसारखी पांढरी, बसून खाल्लेली नव्हे. पण तिच्यात चरबी नावालाच. जास्त आच लागली की असलेलं पाणी सोडून ती आखडते, आणि मग तिला कितीही तर्री पाजा, पीत नाही.

उरलेल्या सहांच्या छात्या मी सुरीनं सोडवल्या. तंगड्या आणि सांगाडे रश्श्यात गेले, तिथंच त्यांचं भलं. छात्या लिटरभर पाण्यात चार चमचे मीठ घालून तासभर बुडवल्या. (या तासात काकांनी स्वतःच्या शिकारीच्या तीन गोष्टी सांगितल्या. तिन्हींत वाघ होता.) मग फडक्यानं कोरड्या पुसल्या, तेल-तिखट चोळलं आणि कडक तापल्या तव्यावर एकेक बाजू दोन-दोन मिनिटं. टोचून पाहिलं, गुलाबी नाही, स्वच्छ पाणी आलं. लगेच उतरवून पाच मिनिटं झाकून ठेवल्या.

"चार मिनिटात?" मामाजी म्हणाले. "कच्चं हाये ते."

साळ्यानं एक खाल्ली. काही बोलला नाही, दुसरी उचलली. काकांनी तेलाची बाटली खाली ठेवून दोन्ही हात मोकळे केले.

मामाजींनी ताटाकडं पाहिलं, मग आमच्या तिघांकडं. मग तोंड फिरवून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि कवळी बसवली.