चंदेरी पान डोळ्यात पिळायचं नसतं, बाप्पा

परवा दुपारी मोठी आई अंगणात आली आणि काही न बोलता माझ्या डस्टी मिलर या चंदेरी पानांच्या शोभेच्या झाडाच्या कुंडीपाशी बसली. दोन पानं खुडली, पदराने पुसली, कनवटीला खोचली. विचारलं तर म्हणाली, "रस काढून डोळ्यात टाकाचा हाये. मोतीबिंदू उतरते म्हणते." कोण म्हणते? तर नागपूरच्या भाच्याने पाठवलेला मेसेज. मी अडवलं तर तिचं उत्तर तयार होतं, "मोबाईलात आलं हाये पोरी, तं खोटं काहून राहीन?"

तो मेसेज नंतर बचत गटाच्या ग्रुपवरही आला, दोनदा. त्यात म्हटलंय की चांदीसारख्या पानांचं कोणतंही झाड घरात ठेवा, ऊन दाखवू नका, रोज पाणी घाला, पानं दुधाने पुसा. ते रात्रभर ऑक्सिजन देतं, हवा शुद्ध करतं (नासाने म्हणे सिद्ध केलंय), लक्ष्मी आणतं, आणि पानाचा रस सात दिवस डोळ्यात टाकला की ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू जातो. अकरा जणांना पाठवा.

बाकीचं राहू द्या, आधी डोळ्याचं बघू. यातलं अर्धं खरं मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. डस्टी मिलरचं जुनं शास्त्रीय नाव सिनेरारिया मॅरिटिमा, आणि त्याच नावाचे होमिओपॅथीचे थेंब मोतीबिंदूवर म्हणून दुकानात मिळतात. मेसेज लिहिणाऱ्याने ते कुठूनतरी उचललं असावं. पण बाटली विकली जाते म्हणून मोतीबिंदू विरघळतो असं होत नाही. बाहुलीच्या मागे डोळ्याचं भिंग असतं. त्यातली प्रथिनं वयानुसार गढूळ होतात, तो मोतीबिंदू. अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर दुधी होतो, तसंच काहीसं. उकडलेल्या अंड्यावर कोणताही पाला पिळा, ते परत कच्चं होणार नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणं, एवढाच उपाय आहे. सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, आणि त्यात हे ऑपरेशन फुकट होतं.

रस टाकून फायदा नाही, पण नुकसान तरी काय, असं गटातल्या एकीने विचारलं. सोयाबीन काढताना कुटार उडून डोळ्यात गेलं, बुबुळाला जखम झाली, त्यात बुरशी धरली आणि फूल पडलं, असा एकतरी माणूस आपल्याकडे प्रत्येक गावात सापडतो. डस्टी मिलरच्या पानावर दाट लव असते. त्या लवेत अंगणातली धूळ आणि बुरशीचे कण बसलेले असतात. पदराने पुसलं म्हणून ते जात नाहीत. त्या पानाचा रस म्हाताऱ्या डोळ्यात सात दिवस? शिवाय या झाडात यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात. शेळीलाही मी ते घालणार नाही.

आणि सर्वांत मोठा मूर्खपणा 'कोणतंही झाड' या दोन शब्दांत आहे. मेसेजमध्ये झाडाचं नाव नाही, नुसते तीन फोटो, तीन वेगवेगळ्या झाडांचे. त्यातला एक अॅग्लोनेमा या शोभेच्या झाडाचा. त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. जिभेला लागले तरी तोंड सुजतं, मग डोळ्याचं काय होईल? आमच्या मोठ्या आईसारखीला यातलं एकही झाड ओळखू येणार नाही. तिला पांढुरक्या पानाचं झाड म्हटलं की बांधावरची रुई आठवणार. मारुतीला शनिवारी जिची माळ घालतो, तीच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं ते शेळ्या राखणाऱ्या कोणत्याही पोट्ट्याला विचारा.

आता निगा. चंदेरी पान म्हणजे एक जात नव्हे. डस्टी मिलर भूमध्य समुद्राच्या काठचं. त्याची चांदी म्हणजे पांढरी लव, ऊन परतवायला आणि पानातलं पाणी राखायला. बोटाने घासलं की खालचा हिरवा रंग दिसतो. ते घरात कोंडलं तर लांबुळकं होऊन हिरवं पडतं. उलट नर्सरीत अॅल्युमिनियम प्लांट म्हणून मिळणाऱ्या पायलियाची चांदी पानाच्या वरच्या सालीखालच्या हवेच्या पोकळ्यांमुळे दिसते. कितीही घासा, जात नाही. ते आणि अॅग्लोनेमा सावलीचे. म्हणजे 'ऊन दाखवू नका' हे यांच्यापुरतं खरं. मेमध्ये पारा 45 वर गेला की अंगणातलं अॅग्लोनेमा दोन दिवसांत करपतं.

रोज पाणी मात्र उन्हातल्या डस्टी मिलरलाही नको आणि या सावलीतल्यांनाही नको. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून शेतातली काळी माती भरली. ऑगस्टच्या झडीत पाचही डस्टी मिलर बुडापासून काळे पडून सडले. उपटले तर मुळं हातात लगदा होऊन आली. आता निम्मी लाल माती, बाकी रेती आणि कुजलेलं शेणखत, कुंडीला मोठं छिद्र. लागवड दिवाळीनंतर, पावसाळ्यात कुंड्या सपरीत. दुधाने पुसलं की लव चिकटून बसते आणि मुंग्या येतात, दूध चहात घाला.

नासाचा तो प्रयोग 1989 चा, बंद पेटीत केलेला. त्यात अॅग्लोनेमा होतं, हे खरं. पण अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वॅरिंग या संशोधकांनी 2019 मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले. इमारतीत एरवीच जी हवा खेळते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. आमची दहा बाय बाराची खोली साधारण 11 चौरस मीटर. म्हणजे कमीत कमी 110 कुंड्या. खाट कुठं टाकायची? खिडकी उघडा, झालं. रात्री झाडं ऑक्सिजन देत नाहीत, आपल्यासारखी घेतात.

लक्ष्मीचं म्हणाल तर एक कुंडी मला रोपासकट साठ रुपयाला पडली. पाच सडल्या, तीनशे गेले. मोठी आई सोमवारी माझ्यासोबत डोळे दाखवायला येते आहे. पानं मात्र तिने परत दिली नाहीत, देव्हाऱ्यात ठेवली म्हणे.