आधी बल्ब बंद करा, नाना

मे महिना. भुसावळात पारा 45 च्या घरात आणि तुमच्या हातात लाईट बिल. घाबरू नका. सर्वांत आधी ओसरीवरचा बल्ब बंद करा, तोही असा की गल्लीला कळलं पाहिजे. 'मी काय लाईट बोर्डाचा जावई आहे का?' हे म्हणायला विसरू नका. तो बल्ब 9 वॅटचा आहे आणि एक युनिट जाळायला त्याला 111 तास, म्हणजे साडेचार दिवस अखंड जळावं लागतं, हा हिशोब कुणी काढला तर त्याला शाळेत जास्त शिकवल्याचा पश्चात्ताप करा.

कारण हिशोब सुरू झाला की नजर वर जाते. वर तुमच्या लग्नातला पंखा आहे. 75 वॅट खातो, दिवसाला 15 तास फिरला तर महिन्याला 34 युनिटं. नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तेवढीच हवा 30-35 वॅटमध्ये देतो. पण जुना 'अजून चांगला चालतो' ना? मग चालू द्या. कूलरही तोच ठेवा, पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा. पाणी भरताना पायात रबरी चप्पल घाला, ओला हात पत्र्याला लावू नका आणि लहान पोरांना लांब बसवा. अर्थिंग करून घ्यायला वायरमन पैसे मागतो, चप्पल तर घरात आहेच.

आता स्लॅब. 100 युनिटं ओलांडली की सगळीच महाग होतात, असं पारावर सांगत राहा. खरं तर फक्त 101 व्या युनिटापासून पुढची महाग लागतात, पहिली 100 जुन्याच दराने. पण खरं सांगून पारावर बसायला जागा कोण देणार? त्यापेक्षा दोघा भावांचे दोन मीटर करा. स्वस्त स्लॅब दोनदा मिळतो, हे खरंय. दरमहा मीटरमागे लागणारा स्थिर आकारही दोनदा लागतो, तेवढं आईला सांगू नका.

बिलाची मागची बाजू वाचायचीच नाही. पुढच्या बाजूला वहन आकार दिसेल, इंधन समायोजन दिसेल आणि या सगळ्यावर 16 टक्के विद्युत शुल्क. दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी तुमच्या गच्चीवरून दिसतात आणि वीज आणायचा वहन आकार मात्र नागपूरला तोच, तुम्हालाही तोच. तक्रार करू नका. धुराडी बघायचे पैसे अजून लावलेले नाहीत.

साक्रीकडे 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. दुपारी ऊन भरपूर असतं तेव्हा वीज कंपन्या जिथे वीज घेतात-विकतात त्या बाजारात ती स्वस्त होते आणि दिवस मावळला की महाग. या बाजारात प्रत्येक पंधरा मिनिटांचा भाव वेगळा, एका दिवसाचे 96 भाव. तुमच्या केळीला रावेरात भाव दिवसातून एकदा मिळतो, म्हणून हेवा करू नका. स्मार्ट मीटर असेल तर दिवसाच्या युनिटांवर सवलत मिळते. मात्र दुपारी तुम्ही कामावर असता आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्री कूलर मागतात. 'लाईट कव्हय येई, भो?' एवढा एकच प्रश्न विचारायचा. किती पैशांना येईल, हे विचारणं असभ्यपणाचं.

आणि एक गोष्ट चुकूनही करू नका. 2003 च्या विद्युत कायद्यात लिहिलंय की वीज कंपनीने दराचा प्रस्ताव वीज नियामक आयोगापुढे ठेवायचा, तो जाहीर करायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि 120 दिवसांत आयोगाने निकाल द्यायचा. शेकडो पानांचा तो प्रस्ताव आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतो. पण तिथे गळती किती, वसुली किती, उद्योगांकडून जास्त घेऊन कुणाला किती सूट, असलं काहीबाही लिहिलेलं असतं. उगाच एखादी हरकत सुचायची, मग अर्ज लिहा, सुनावणीला बोला. त्यापेक्षा ओसरीवरचा बल्ब बरा, तो उलटून बोलत नाही.

तरीही पेपरात त्या सुनावणीची बारीक अक्षरातली जाहिरात येतेच. तिचा कागद जाड नसतो, पण तेल बरं शोषतो. आमच्या आक्कांनी परवाच तो बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्याच्या तळाशी अंथरलाय. 'हरकती नोंदवण्याची अंतिम तारीख' बरोबर मधल्या बिबड्याखाली आलीय.