शेपटीवरचा अंगठा

चवथीच्या आधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळेफुले टांगायची, चौकट माळ्यावरून खाली काढणे हे आमच्या घरातले माझे एकमेव वंशपरंपरागत काम. गेल्या वर्षी त्या चौकटीमागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा हाताला लागला. आत तीन गोट्या, एक मेलेली पाल आणि माझे सी हॅरियर.

हे प्लॅस्टिकचे विमान बोटीवरच्या मामाने 1986 साली विलायतेहून आणले होते. मी तेव्हा सहावीत. खरी सी हॅरियर, म्हणजे नौदलाची लढाऊ विमाने, डिसेंबर 1983 मध्ये गोव्यात दाबोळीच्या विमानतळावर आली, आणि आमची चिखलीची शाळा दाबोळीच्या दाराशीच. बाई ‘नैर्ऋत्य मोसमी वारे’ म्हणाल्या की डोक्यावरून एक जायचे. पुढची दोन मिनिटे बाईंचे नुसते ओठ हलायचे. आमच्या अख्ख्या वर्गाला मोसमी वारे आजही नीट येत नाहीत, पण इंजिनाची चार तोंडे खाली वळवून जागच्या जागी हवेत उभे राहणारे विमान कसे उभे राहते, हे कोणीही झोपेत सांगेल.

मामाचे विमान त्याचेच पिल्लू, 1:72 मापाचे. खरे साडेचौदा मीटर लांब, हे वीस सेंटीमीटर. म्हणजे बऱ्यापैकी बांगड्याएवढे. तेव्हा मी आणि धाकट्या भावाने ते एका दुपारी जोडले आणि डिंकाची अख्खी ट्यूब संपवली. हा डिंक चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. त्यामुळे फिरणारी चारही तोंडे जन्मभरासाठी एकजीव झाली. तरी चालले असते. पण आठवड्याभरात शेपटीचा डावा आडवा पंख कोणीतरी मोडला आणि परत चिकटवला, तोही वर करून. हॅरियरचे सगळेच पंख खाली उतरते असतात, पुढचे आणि शेपटीचेही. आमच्या विमानाचा एकच पंख वर. एखाद्याने वर्गात लघवीला जाऊ का म्हणून हात वर करावा तसा.

मी भावाला बडवले. त्याने देवाशपथ, आईशपथ, विद्येची शपथ घेतली. मी अजून थोडे बडवले. तो आता मस्कतला असतो, दोन मुलांचा बाप आहे, पण वर्षातून एकदा तरी विषय निघतो आणि फोन ठेवला जातो.

तर ते विमान मी सुधारायचे ठरवले. बायको म्हणाली, “नवीन मिळत नाही का?”

“मिळते.”

“मग?”

या ‘मग’वर माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी कामाला लागलो.

आधी जुना रंग काढायचा. मी बायकोचे नेलपॉलिश काढायचे औषध कापसावर घेतले आणि उभ्या शेपटीला लावले. रंग गेला. शेपटीचे टोकही गेले, कापसाला चिकटून. मग जाणकाराने ब्रेक ऑइल सुचवले. ते प्लॅस्टिकला हात न लावता रंग सोडवते. गॅरेजवाल्याने विचारले, “गाडी कुठली?” मी खरे ते सांगितले. त्याने बाटली दिली आणि उरलेले पैसे मोजून न देता नुसते पुढे सरकवले. वेड्याशी जास्त बोलू नये, अशा बेताने.

रंग गेल्यावर जुन्या साच्याचे रूप दिसले. पत्र्यांचे सांधे दाखवायला त्या काळी उठावाच्या रेघा काढत. आता ही रेघ पाव मिलिमीटर उंच धरली, तरी 72 ने गुणा: अठरा मिलिमीटर. खऱ्या विमानावर बोटभर जाडीचा बांध! असे विमान उडणार नाही, त्यात भात लावता येईल. सगळ्या रेघा वॉटर पेपरने घासून काढायच्या आणि त्याच जागी सुईने कोरायच्या. मी गोधडीची सुई घेतली. पट्टी धरून पहिल्या सहा रेघा सरळ आल्या. सातवी कॉकपिटपाशी निघून सरळ नौदलाची हद्द सोडून गेली. खाचा बुजवायला सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून पुट्टी करतात, तीही केली. रात्री साडेअकराला आई खोलीत डोकावली आणि म्हणाली, “बाब, विमानाला पावडर लावतोस? बरे आहेस ना?”

पिवळ्या पडलेल्या डिकलांचे, म्हणजे विमानावर चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ चित्रांचे, दुखणे वेगळेच. ती खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवली की पांढरी होतात, असे म्हणतात. होत असतील. पण ज्याने कोणी हा शोध लावला त्याने श्रावणात गोव्यात लावलेला नाही. तीन आठवडे ती खिडकीला होती. शेवटी त्यांच्यावर बुरशी आली. नाहीतरी त्यावरची चिन्हे ब्रिटिशांची होती. आपले वर्तुळ मधे हिरवे, मग पांढरे, बाहेर केशरी. ते मी हाताने रंगवले. लांबून बरे दिसते. जवळून अर्धवट सोललेल्या पपईसारखे.

रंगाची खात्री करायला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेलो. सी हॅरियर 2016 मध्ये निवृत्त झाली, त्यातले एक तिथे पावसात उभे आहे. मी वाकून त्याच्या पंखांच्या टोकांची बारीक चाके बघत बसलो. हॅरियरला सायकलसारखी पुढे-मागे चाके आणि तोल सांभाळायला पंखांच्या टोकांना दोन काठ्या. लहान मापात ही चारही ठिकाणे एकाच वेळी टेबलाला टेकवून दाखवणाऱ्याला मी कोकणी मराठीत साष्टांग घालीन. डावी घासली की उजवी अधांतरी, उजवी घासली की डावी. घासता घासता विमान पोटावर यायची वेळ आली, तेव्हा मी टेबलाखाली पुठ्ठा घातला.

मग कॉकपिटची काच. ती मी सुपरग्लूने चिकटवली. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने सुकतो, आणि चिखलीच्या श्रावणात ओलावा सोडून हवेत दुसरे काही नसतेच. सकाळी पाहतो तर काचेला मोतीबिंदू! वाफ बसून सगळी पांढरी, आणि मधोमध लख्ख उमटलेला एक अंगठा. पोलीस याच वाफेने चोरांचे ठसे काढतात म्हणे. मी भिंग आणले. ठसा माझाच, शंखाचा.

आणि भिंग हातात होतेच, म्हणून सहज शेपटीकडे वळवले. त्या वर झालेल्या पंखाच्या बुडाशी, इतकी वर्षे रंगाखाली दडलेला, विरघळलेल्या प्लॅस्टिकमध्ये कायमचा रुतलेला अर्धा अंगठा होता. चक्र!

माझ्या दहाही बोटांना शंख. मी निर्दोष. चौथीत ज्योतिषी आला होता तेव्हा भाऊ सगळ्यांना चक्र दाखवत फिरला होता, हे मला स्पष्ट आठवत होते. मी काच दंतमंजनाने घासून जमेल तेवढी स्वच्छ केली, पण शेपटीला कानस लावली नाही. पुरावा होता तो.

भाऊ चवथीला आला. बॅग खाली ठेवायच्या आत मी म्हटले, “अंगठा दाखव.” त्याला वाटले, जमिनीचे कागद आहेत. त्याने आधी वकिलाशी बोलतो म्हणून सांगितले. मग भिंग पाहून हसला आणि दोन्ही अंगठे पुढे केले.

शंख. दोन्ही. चक्रे होती ती करंगळ्यांना.

आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात एकमेकांचे अंगठे धरून उभे. आत आई पाटावर बसून नेवऱ्यांच्या कडा मुडपत होती. पिठाने अंगठा पांढराफटक. एक नेवरी तिने ताटात ठेवली, तिच्या पारीवर स्वच्छ गोल गोल रेघा उमटल्या होत्या.

भावाने माझ्याकडे पाहिले. मी विमान आणून तिच्यापुढे धरले.

“हे अजून आहे?” आई म्हणाली. “पुसताना हातातून पडले होते. मीच चिकटवले.”

“मग सांगितले का नाही? मी ह्याला किती मारले!”

“सांगितले असते तर तुम्ही दोघे मिळून माझ्या मागे लागला असता.” तिने पुढची पारी लाटायला घेतली.

“पण वर करून का लावलेस?” भावाने विचारले.

“सगळे खाली पडल्यासारखे दिसत होते रे. दुसरेही वर करणार होते, तेवढ्यात पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला.”