भट्टी नंतर घ्या, आधी माती तपासा

बेळगाव-खानापूर भागात हौसेनं कुंभाराच्या चाकावर बसणाऱ्या आणि आता यावरच घर चालवायचं म्हणणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: कर्ज काढून भट्टी घ्यायची घाई करू नका. गिऱ्हाईकानं आज सहा कप नेले आणि दिवाळीला त्याच मापाचे, त्याच रंगाचे आणखी सहा मागितले, तर ते देता यायला हवेत. तिथून व्यवसाय सुरू होतो.

त्यासाठी माती मोजा. ओल्या पट्टीवर १० सेंमीची रेघ ओढा आणि भाजल्यावर पुन्हा मोजा. ८.८ भरली तर माती १२ टक्के आकसते. मग ९ सेंमी उंचीच्या कपासाठी चाकावर १०.२ सेंमी उंची काढावी लागते.

दुसरी चाचणी पाणी शोषण्याची. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) न लावलेला भाजका तुकडा कोरडा वजन करा, दोन तास उकळा, रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. २०० ग्रॅमचा २२२ झाला तर शोषण ११ टक्के. अशा मातीच्या कपात चहा झिरपतो, ग्लेझला बारीक तडे गेले की आत ओल धरते. जेवणाखाण्याच्या भांड्यांना दोन टक्क्यांच्या आत हवं.

खानापूरची लाल माती कौलांची, मडक्यांची. ती साधारण ९५० ते १००० अंशांवर छान भाजते, पण पाणी शोषतेच; १२०० च्या वर नेली तर बहुधा फुगते किंवा मऊ होऊन बसते. म्हणून माझं स्पष्ट मत: कुंड्या, दिवे, भिंतीवरची म्युरल्स आपल्या मातीत करा, ताट-वाट्या-कप स्टोनवेअरमध्ये, म्हणजे जास्त तापमानाला भाजून घट्ट होणाऱ्या, पाणी फारसं न शोषणाऱ्या मातीत. लाल मातीचा कप 'स्टोनवेअर' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. माती कालवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं असलेल्या) चाळणीतून गाळाच. चुनखडीचा खडा राहिला तर भाजून त्याचा चुना होतो, तो ओलावा शोषून फुगतो आणि विकलेल्या कुंडीचा टवका काही दिवसांनी उडतो.

पावसाळ्यात खानापूरकडे माल लवकर वाळत नाही. वरून कोरडा दिसला तरी बुडात ओल असते, आणि भट्टी शंभर अंश ओलांडताना वाफेनं भांडं फुटतं. ८०-९० अंशांवर तीन-चार तास थांबा, मग ६०० पर्यंत सावकाश चढा. कपाचा कान अंगापेक्षा आधी वाळतो आणि जोडावर तडकतो; कानावर प्लास्टिक झाका.

खानापुरात खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी करा. सुरुवातीला दुसऱ्याच्या भट्टीत भाडं देऊन भाजा. स्वतःची घ्याल तेव्हा थ्री-फेज मीटर मंजूर झाल्यावरच पैसे भरा. आठ किलोवॅटची भट्टी दहा तास चालली तर ५०-५५ युनिट धरा, आणि तो खर्च भट्टीत ठेवलेल्या ४० कपांवर नको, धड निघालेल्या ३४ वर वाटा. घडवणं, तासणं, कान लावणं, ग्लेझ, घासणं मिळून कपामागे अर्धा तास सहज जातो. किंमत लावताना बहुतेक जण तोच सोडून देतात.

दुकानात माल ठेवायला दिलात तर कमिशन किती, पैसे कधी, फुटलं तर भरपाई कुणाची, हे आधी कागदावर घ्या.